लाही, पाक आणि लेबल

२१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेर येथे वस्तू व सेवा कर परिषदेची ५५वी बैठक झाली आणि तीत मक्याच्या लाह्यांवरील कराविषयी खुलासा करण्यात आला. मीठ-मसाला लावलेल्या सुट्या लाह्यांवर ५ टक्के, त्याच वेष्टनबंद असल्यास १२ टक्के आणि साखरेचा पाक चढविलेल्या, म्हणजे कॅरॅमल पॉपकॉर्नवर १८ टक्के, असा तो खुलासा होता. साखर मिसळल्यावर लाहीचे मूळ स्वरूप पालटते आणि ती मिठाईच्या वर्गात जाते, असे कारण देण्यात आले. या निर्णयाची सर्वत्र पुष्कळ थट्टा झाली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये कराच्या टप्प्यांची रचनाच बदलली. त्यामुळे त्या टक्केवारीशी आता आपणांस कर्तव्य नाही. मात्र तिच्यामागील विचार आयुर्वेदाच्या अभ्यासकाला हसण्याजोगा वाटू नये. संस्काराने द्रव्याचे गुण बदलतात, हा आपल्या शास्त्राचा पहिल्या वर्षी शिकविला जाणारा सिद्धांत आहे. करवसुली करणाऱ्यांना जो भेद दिसला, तो आपल्यापैकी अनेकांना दिसेनासा झाला आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

अलीकडे कॅरॅमल पॉपकॉर्न घराघरांत होऊ लागले आहे. मुलांचा वाढदिवस, सुटीच्या दिवशी घरी पाहिला जाणारा चित्रपट, दिवाळीचा फराळ, अशा प्रसंगी लाह्यांवर गुळाचा किंवा साखरेचा पाक चढवून त्यात शेंगदाणे, बदाम, काजू घातले जातात. याविषयी रुग्ण आपणांस विचारतात आणि त्यांना दोन प्रकारची उत्तरे मिळतात. काही वैद्य "परदेशी पदार्थ, वर्ज्य करा" असे सांगून मोकळे होतात. काहीजण लाजांचे संहितोक्त गुण मक्याच्या लाह्यांना लावतात, साखरेऐवजी गूळ घालावयास सांगतात आणि पदार्थ पथ्यकर झाला असे आश्वासन देतात. दुसरे उत्तर देणाऱ्यांच्या मागोमाग औषधनिर्मिती करणारे काही बंधूही येतात आणि त्याच लाह्यांवर अश्वगंधा किंवा च्यवनप्राश चढवून डबा बाजारात आणण्याचा विचार करतात. आमच्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि तो डबा तर अधिकच. हा पदार्थ घरी करावा, कधीतरी करावा, मोजून खावा. त्याची नेमकी कृती वैद्याने द्यावी. परंतु त्याला औषधाचे लेबल लावू नये.

लाजांचे गुण कोणाचे?

आपल्या ग्रंथांतील लाजा म्हणजे साळीच्या, भाताच्या लाह्या. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात छर्दिनिग्रहण गणात लाजांची गणना केली आहे. लाजमंड, लाजपेया, लाजतर्पण या कल्पना आपण आजही उलटी, अतिसार, तृष्णा यांत वापरतो आणि त्यांचा गुण येतो. महाराष्ट्रात ज्वारीच्या लाह्यांचीही जुनी परंपरा आहे. नागपंचमीस लाह्यांचा मान आहे. या सर्व अनुभवाचा आधार घेऊन "लाही ती लाही" असे म्हणण्याचा मोह होतो.

मक्याची गोष्ट मात्र निराळी आहे. मका मूळचा अमेरिका खंडातील. पेरूच्या किनाऱ्यावरील उत्खननात सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीच्या मक्याच्या लाह्यांचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे ही लाहीही प्राचीन आहे, परंतु ती आपल्या संहिताकारांच्या पाहण्यातली नव्हे. शेंगदाणा आणि काजू हीदेखील दक्षिण अमेरिकेतून आलेली द्रव्ये. लाह्या, शेंगदाणे आणि उसाच्या मळीचा पाक यांचे मिश्रण शिकागोच्या रुकहाइम बंधूंनी १८९६ पासून 'क्रॅकर जॅक' या नावाने विकले आणि आजच्या कॅरॅमल पॉपकॉर्नचा बाजार तेथून वाढला. अशा द्रव्यांना संहितेतील श्लोक उसना देणे अप्रामाणिकपणाचे आहे. त्यांचे गुण रस, स्पर्श, पचनाचा अनुभव यांवरून अनुमानाने ठरवावेत आणि ते अनुमान आहे असे रुग्णास सांगावे. केवळ भाजलेली मक्याची लाही रूक्ष व लघु आहे, ती तृप्ती करते परंतु फार बृंहण करीत नाही, असे आमचे व्यवहारातील मत आहे. साळीच्या लाजांप्रमाणे ती उलटीच्या रुग्णास देण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. तिचे कठीण साल दातांत आणि घशात अडकते, ते कोमल आमाशयास मानवणारे नाही.

मक्याच्या दाण्याची लाही कशी होते हेही समजून घेण्यासारखे आहे. दाण्यात सुमारे १४ टक्के जलांश असतो. कठीण सालीच्या आत या पाण्याची वाफ कोंडते आणि सुमारे १८० अंश सेल्सिअसला साल फुटून आतील पिष्ट फुलते. जुने, सुकलेले दाणे फुटत नाहीत, त्याचे कारण जलांश उडालेला असतो. अग्नी, जल आणि भाजन यांच्या योगाने एका क्षणात गुरु द्रव्य लघु होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण विद्यार्थ्यांस दाखविण्यासाठी दुसरे नाही.

पाक चढला की काय होते?

सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात संस्काराने गुरूचे लघु होते आणि लघूचे गुरुही होते असे सांगून दोन दृष्टांत दिले आहेत: व्रीहीपासून होणाऱ्या हलक्या लाह्या आणि सातूपासून होणाऱ्या जड पिंडी. कॅरॅमल पॉपकॉर्नमध्ये हे दोन्ही दृष्टांत एकाच कढईत घडतात. पहिल्या टप्प्यात दाणा हलका होतो. दुसऱ्या टप्प्यात पाक, तूप आणि कवचीची फळे यांच्या संयोगाने तो पुन्हा गुरु, स्निग्ध आणि मधुर होतो. बदाम, अक्रोड, पिस्ते यांचे गुण चरकसंहितेत दिलेले आहेत: गुरु, उष्ण, स्निग्ध, मधुर, बल्य, वातघ्न आणि कफपित्तकर. तेव्हा "लाह्या हलक्या असतात" हे वाक्य पहिल्या टप्प्याला खरे आहे. वाटीत पडणाऱ्या पदार्थाला ते लागू नाही.

साखरेऐवजी गूळ घातल्याने हे बदलत नाही. नवा गूळ कफकर व कृमिकर म्हटला आहे. पथ्यकर म्हणून ज्याची प्रशंसा आहे तो जुना गूळ, आणि जुन्या गुळाचा कुरकुरीत पाक सहसा साधत नाही. मधुमेही रुग्णाच्या दृष्टीने तर गूळ ही साखरच आहे. "गुळाचे आहे, चालेल" हे वाक्य आपल्या दवाखान्यांतून जितके कमी उच्चारले जाईल तितके बरे.

काही हौशी मंडळी साखर व गूळ दोन्ही टाळून मधाचा पाक करतात आणि तो अधिक 'आयुर्वेदिक' समजतात. मध तापवू नये हे आपल्या शास्त्राचे स्पष्ट सांगणे आहे. कडक पाकासाठी मध दीर्घकाळ उकळावा लागतो. ज्याला आयुर्वेदाचे नाव घेऊन पदार्थ करावयाचा आहे, त्याने निदान हा एक निषेध तरी पाळावा.

एक गोष्ट येथे अभिमानाने सांगावीशी वाटते. या परदेशी पदार्थात आपले असे काही असेल, तर तो पाक आहे. इंग्रजीतील 'शुगर' शब्दाचे मूळ शर्करा आणि 'कँडी'चे मूळ खंड. शार्ङ्गधराचार्यांनी मध्यमखंडाच्या आठव्या अध्यायात अवलेहसिद्धीची लक्षणे सांगितली आहेत: तार सुटणे, पाण्यात टाकल्यास बुडणे, दाबल्यास ठसा उमटणे, विशिष्ट गंध, वर्ण व रस येणे. आज मिठाई करणारे उष्णतामापक वापरतात. परंतु घरोघरी चिक्कीचा पाक थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकूनच पाहिला जातो. आपल्या फार्मसीतील कुशल कामगार आणि संक्रांतीला चिक्की करणारी गृहिणी एकच विद्या जाणतात. ती शिकविणे हे आपले काम आहे.

द्यावयाची कृती

रुग्णाच्या हाती द्यावी अशी कृती आम्ही पुढे देत आहोत. हे प्रमाण आठ जणांसाठी आहे.

पॉपकॉर्नचे दाणे ५० ग्रॅम, तेल २ लहान चमचे, चिक्कीचा गूळ ८० ग्रॅम, साजूक तूप २० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे ५० ग्रॅम, भाजलेले बदामाचे तुकडे २५ ग्रॅम, सुंठपूड अर्धा लहान चमचा, मीठ व खाण्याचा सोडा प्रत्येकी एक चिमूट.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून तीन-चार दाणे टाकावेत. ते फुटले की उरलेले दाणे टाकून झाकण ठेवावे आणि पातेले अधूनमधून हलवावे. फुटण्याचा आवाज विरळ झाला, दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचे अंतर पडू लागले, की उतरवावे. लाह्या परातीत ओतून न फुटलेले गणंग दाणे काळजीपूर्वक निवडून काढावेत. पाक चढल्यावर ते दिसत नाहीत आणि दात दुखावतात. शेंगदाणे व बदाम लाह्यांत मिसळून ठेवावेत.

कढईत गूळ व दोन मोठे चमचे पाणी घालून मंद आंचेवर विरघळवावे. गुळात कचरा असल्यास या वेळी गाळून घ्यावे. मग तूप घालून सतत ढवळत पाक शिजवावा. थंड पाण्यात थेंब टाकून पाहावा. आधी मऊ गोळी होईल; तेथे थांबल्यास लाह्या चिकट राहतील. थेंब पाण्यात घट्ट होऊन मोडताना 'कट्' असा आवाज आला, की पाक झाला. साखरेच्या पाकाची हीच अवस्था सुमारे १५० अंश सेल्सिअसला येते. गूळ त्यापुढे चटकन करपतो आणि कडवट होतो, म्हणून आंच लगेच बंद करावी. सुंठ, मीठ व सोडा घालून ढवळावे. सोड्याने पाक फेसाळतो, त्यात हवेचे बुडबुडे धरले जातात आणि तो वाळल्यावर ठिसूळ होतो. हा पाक लाह्यांवर ओतून दोन लाकडी उलथन्यांनी भराभर परतावे, तुपाचा हात लावलेल्या ताटात पसरावे आणि पूर्ण थंड झाल्यावर हवाबंद डब्यात भरावे. गूळ हवेतील ओलावा शोषतो. पावसाळ्यात हा पदार्थ दुसऱ्या दिवशीच मऊ पडतो.

कृतीबरोबर दोन सावधगिरीच्या सूचना लिहून द्याव्यात. पहिली, पाक तयार होत असता मुलांना शेगडीजवळ येऊ देऊ नये. उकळता पाक त्वचेला चिकटून बसतो आणि पाण्याच्या भाजण्यापेक्षा खोल भाजतो. भाजल्यास तो भाग तत्काळ वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावा. लेप, तूप, मध यांचा विचार त्यानंतर आणि वैद्याच्या सल्ल्याने. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे: चार वर्षांखालील मुलांस लाह्या व अख्खे दाणे देऊ नयेत. या वयात दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि हसता-खेळता दाणा श्वासनलिकेत जातो. याविषयी आपणही दक्ष असावे. धडधाकट मूल खाता-खाता एकाएकी खोकू लागले, आणि नंतर छातीच्या एकाच बाजूस घुरघुर ऐकू येत असेल किंवा त्या बाजूचा श्वासध्वनी मंद असेल, तर कासश्वासाची चिकित्सा करीत दिवस घालवू नयेत. दाणा अडकल्याचा संशय धरून दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे.

कोणास, किती, केव्हा?

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पहिल्या तिन्हींचा विचार वर झाला. उरलेल्यांपैकी राशी सर्वांत महत्त्वाची. वरील प्रमाणात सर्व मिळून सुमारे १,२०० किलोकॅलरी होतात. आठ वाटे केल्यास प्रत्येकास सुमारे १५० किलोकॅलरी आणि १० ग्रॅम गूळ येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रौढांसाठी दिवसभराची मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, शक्य तर ५ टक्क्यांहून कमी ठेवावी असे सुचविले आहे. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. गूळ त्याच हिशेबात धरावा. म्हणजे एक लहान वाटी खाणाऱ्याने त्या दिवशीच्या मर्यादेचा बराच भाग संपविला आणि चहातील साखर अजून मोजावयाची आहे. चित्रपटगृहातील मोठी पुडी एकट्याने संपविणाऱ्याची राशी काय होत असेल, ते वाचकांनीच ताडावे.

काल पाहता हेमंत व शिशिर हा या पदार्थाचा खरा ऋतू. अग्नी प्रदीप्त असतो. तीळगूळ, गुळाची पोळी, चिक्की यांच्या पंक्तीत हाही बसतो. वसंतात कफ आधीच उफाळलेला असतो. तेव्हा पाकाशिवायच्या कोरड्या लाह्या बऱ्या. वर्षा ऋतूत अग्नी मंद आणि हवा दमट. तेव्हा तो टाळावा. भोजनानंतर, दुपारी झोपण्यापूर्वी किंवा रात्री उशिरा तो खाऊ नये. मधल्या वेळेस, भूक असता, वाटी भरून घेऊन खावा आणि डबा जवळ घेऊन बसू नये. अंधारात पडद्याकडे पाहत खाणाऱ्यास आपण काय व किती खातो याचे भान राहत नाही. मन लावून भोजन करावे हा उपयोगसंस्थेचा नियम येथे नेमका मोडतो.

मधुमेह, स्थौल्य, कफज विकार, वारंवार कृमी होणारी मुले, दंतकृमी आणि शेंगदाणा किंवा बदामाची अ‍ॅलर्जी असणारे, यांना हा पदार्थ देऊ नये. कृश, वाताधिक, खेळणारी व उत्तम भूक असलेली मुले थंडीत तो आनंदाने पचवितात. त्यांना "वर्ज्य" म्हणून सांगणे म्हणजे आपले ऐकण्याची त्यांची सवय घालविणे होय.

औषधनिर्मात्या बंधूंस

आता लेबलाचा प्रश्न. फार्मसी चालविणे दिवसेंदिवस कठीण होत आहे, कच्च्या वनस्पतींचे दर वाढत आहेत, आणि खाद्यपदार्थांत नफा दिसतो, हे आम्ही जाणतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मे २०२२ मध्ये आयुर्वेद आहारविषयक विनियम अधिसूचित केले. त्यामुळे ग्रंथाधिष्ठित आहारकल्पना विकण्याचा रीतसर मार्गही खुला झाला. लाजमंडाचे पीठ, यूष, पेया, विविध पानके अशा कितीतरी कल्पना त्यात आणता येतील आणि त्या आणाव्यात.

परंतु कॅरॅमल पॉपकॉर्नवर अश्वगंधाचूर्ण भुरभुरून त्यास 'बल्य', 'रोगप्रतिकारक' किंवा 'स्मृतिवर्धक' म्हणणे यास आमचा विरोध आहे. औषधाला मात्रा, काल आणि अनुपान असते. मुठीमुठीने खाल्ल्या जाणाऱ्या खाऊला यांपैकी काहीही नसते. एका मुलाच्या वाट्यास चिमूटभर चूर्ण येईल, दुसऱ्याच्या वाट्यास चमचाभर. चूर्ण किती अंशांच्या पाकात पडले आणि त्याचे काय उरले, हे कोणी तपासलेले नसते. पदार्थात गुण असा येत नाही, आणि दोष मात्र आयुर्वेदाच्या नावावर जमा होतो. त्यातही 'गुळाचे, म्हणून मधुमेहींसाठी योग्य' असा मजकूर छापणाऱ्याने मधुमेह आणि स्थौल्य ही दोन्ही नावे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत आहेत, हे ध्यानात ठेवावे. शिवाय वरील विनियमांनुसार २४ महिन्यांपर्यंतच्या बालकांसाठी आयुर्वेद आहार म्हणून काहीही बनविता येत नाही. तेव्हा 'बाळांसाठी पौष्टिक' हा मार्गही बंद आहे.

ज्यांना हा पदार्थ विकावयाचाच आहे, त्यांनी तो खाऊ म्हणून विकावा. अन्नपदार्थाचा परवाना घ्यावा. गूळ, तूप आणि दाणे यांची प्रमाणे लिहावीत. शेंगदाणा व बदाम असल्याची सूचना ठळक छापावी. चार वर्षांखालील मुलांस देऊ नये असे लिहावे. चांगला गूळ, ताजे तूप आणि न खवटलेले दाणे वापरणारा खाऊ ग्राहक ओळखतो. त्याला धन्वंतरीच्या चित्राची गरज पडत नाही.

वैद्यबंधूंना आमची विनंती एवढीच की, वरील कृती आणि वरील निषेध एका पानावर छापून दवाखान्यात ठेवावेत. आपण औषध लिहून देतो तसे खाऊही लिहून द्यावा, मात्रेसह आणि कालासह. येत्या हेमंतात आपल्या संघटनेच्या शाखांनी पाककल्पनेचे एखादे प्रात्यक्षिक गृहिणींसाठी व फार्मसीतील कामगारांसाठी एकत्र घ्यावे, असेही सुचवावेसे वाटते. पाण्याच्या वाटीत पडलेला पाकाचा थेंब पाहून संस्कार म्हणजे काय हे जितके लोकांना कळेल, तितके ते आपल्या व्याख्यानांनी कळणार नाही.